बोली लागली

“आजही बोली नाकारली,” सवलतराव म्हणाले, आणि वर हसले.

“मग घ्या ना नेहमीच्या भावानं!” बायको आतून म्हणाली. “ताईंना तळ्यावर नेऊन आणायचंय. गाडी विकत नाही घ्यायची.”

“थांब गं. उद्या पुन्हा टाकतो.”

पंपांच्या कारखान्यात, खरेदी खात्यात त्यांची हयात गेली होती. सवलतराव हे नाव तिथलंच. खिळ्यांचा पुडा घेतानाही भाव पाडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. निवृत्तीनंतर त्यांना ही साइट सापडली. भाड्याच्या गाडीची किंमत आपणच सांगायची. कंपनीला परवडली तर गाडी आपली, नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प बसायचं. घरबसल्या बाजारच मिळाला म्हणा ना.

गाडी हवी होती ती थोरल्या बहिणीसाठी. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेल्या ताईचा एक डोळा आधीच गेला होता आणि दुसरा त्याच वाटेवर होता. “पाहायचं ते लवकर पाहून घ्या,” असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. ताईने फार काही मागितलं नाही. लहानपणी तिने धाकट्या भावाला ज्या तळ्यात पोहायला शिकवलं, ते तिला एकदा पाहायचं होतं.

सवलतरावांना पूर्ण भाव सहज परवडला असता, हेही सांगायलाच हवं. पण ते रोज चिमटीभर किंमत वाढवत, आणि नकार आला की उलट त्यांना चेवच येई. ताईचा फोन आला की म्हणत, “गाडीवाला जेरीला आलाय बघ.”

“तुझ्यासारखा तूच रे बाबा,” ताई कौतुकाने हसे. “होऊ दे सावकाश.”

शेवटी एका दुपारी बोली लागली. निम्म्याहून कमी भावात! बायकोला सांगायच्याही आधी त्यांनी ताईला फोन लावला. उचलला भाचीने.

“मामा, आईला सकाळपासून काहीच दिसत नाहीये. आत्ताच दवाखान्यातून आलो. नजर आता परत यायची नाही म्हणाले.”

पडद्यावर ‘अभिनंदन’ तसंच झळकत होतं.

आता कसलं तळं, असं सवलतरावांना वाटलं. पण ताईनेच फोन मागून घेतला.

“बुकिंगचे पैसे परत मिळतात का रे?”

“नाही.”

“मग वाया कशाला घालवायचे? जाऊ या की.”

गाडीत बसल्या बसल्या ताईने सीटवरून बोटं फिरवली. “शिवण सरळ आहे हो,” ती म्हणाली. वाटेत ती बरंच बोलली. चार पैशांच्या खेळापायी आपण बहिणीचं तळं घालवलं, हे सवलतरावांना कळून चुकलं होतं, आणि ती मात्र त्याबद्दल एका शब्दाने बोलत नव्हती.

काठावरच्या दगडावर दोघं बसली. पाणी तुडुंब होतं. उन्हात पार पलीकडचा काठही स्वच्छ दिसत होता.

“ते राहिलंच,” ताई उत्सुकतेने म्हणाली. “शेवटी कितीला पाडलीस गाडी?”

तो आकडा सवलतरावांच्या ओठांवर येईना.

“पूर्ण भाव द्यावा लागला, ताई.”

“अरेरे! फसवलं की रे तुला,” ताई हळहळली, आणि चाचपडत त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागली.