अगरबत्तीचा पंचनामा

गिरणीतून आलेला चहा तनवीरनं तसाच खाली ठेवला. त्याला तो घशाखाली घालवेना. समोर शकुनकाकूच्या अंगणात, तिच्याच बाजेवर ऐसपैस बसून चौकशीचे साहेब गिरणीचीच कचोरी खात होते. खात होते म्हणजे काय, बोटं चाटूनपुसून खात होते. ज्या गिरणीची चौकशी करायची तिचाच फराळ! या माणसाची लाज बहुधा नोकरीला लागतानाच जमा करून घेतली असावी.

प्रकरण साधं होतं. अकोल्याहून दर्यापूरकडे जाताना लागणारी ही सरकीच्या तेलाची गिरणी बॉयलरमध्ये काय जाळते, एवढाच प्रश्न. आदल्या हंगामात बोंडअळीनं कपाशी खाल्ली. लोकांनी हाती लागेल ते औषध फवारलं आणि रिकाम्या डब्यांचे ढीग गावोगाव साचले. भंगारवाले ते डबे गिरणीत नेऊन टाकत आणि तिथं ते सरकीच्या टरफलांबरोबर बॉयलरमध्ये जात. धूर सरळ शेजारच्या शकुनकाकूच्या मेथीवर आणि शेवंतीवर उतरायचा. मेथीचं एक वेळ सोडा, पण तिची आठ वर्षांची नात वर्षाली रोज दुपारी भात्यासारखी धापा टाकायची. दोनदा पोरीला अकोल्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, औषधं देतो, पण आधी तो धूर थांबवा. आणि धूर थांबायचा तर त्यात विष आहे हे सरकारी कागदावर यायला हवं होतं.

यापूर्वीही तपासणी झाली होती. तनवीरच यायचा, हवेतली धूळ कागदी गाळणीवर धरायचा आणि ती पाकिटात घालून एसटीनं आपल्या अमरावतीच्या प्रयोगशाळेत न्यायचा. पण त्या धुळीतली सगळ्यांत जहाल रसायनं मोठी अल्पायुषी. समोर येईल त्याला झोंबतात आणि थोड्याच वेळात संपून जातात. छातीत गेली तर छातीला झोंबतात. गाळणीवर राहिली तर एसटी बडनेऱ्याला पोचेस्तोवर त्यातली बरीचशी नाहीशी. अहवाल दर वेळी गुळगुळीत यायचा आणि गिरणीचा मॅनेजर गोवर्धन तो फ्रेम करून लावायचा.

म्हणून या खेपेला तनवीरनं यंत्रच आणलं. गोदरेजच्या कपाटाएवढं. ते आपलं आपण हवा ओढायचं, धूळ पाण्यात धरायचं, आणि त्यात एक द्रव मिसळायचं. ती रसायनं असली की द्रव चमकायचा. जितकं विष तितकी चमक. ती मोजून दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहायचा, माणसाचा हात लागायचं काम नाही. तनवीर फक्त सोमवारी येऊन बाटल्या बदलायचा.

यंत्र अंगणात आलं त्या दिवशी शकुनकाकूनं त्याला हळदकुंकू वाहिलं. नातीसाठी धावून आलेलं यंत्र, ते तिला कपाटासारखं कसं दिसणार? पुढं रोज सकाळी अंघोळ झाली की ती त्याच्या हवा ओढायच्या नळीखालच्या खाचेत एक अगरबत्ती खोचायची आणि हात जोडायची. तनवीरला हे कळलं तिसऱ्या सोमवारी. रोज साडेसहाच्या सुमाराला दोन आकडे उगाच वर चढलेले दिसत होते. शोधता शोधता खाचेत राख सापडली.

"काकू, हे काहून लावता?"

"देवावानी काम करून राहिलं ते, भाऊ. त्याले एक अगरबत्ती नाई लावू काय?"

त्याला हसू आलं. अगरबत्तीच्याही धुरात ती रसायनं असतात, हे त्यानं तिला समजावलं. तिनं कान पकडले आणि तेव्हापासून बंद केलं. तनवीरनं इमानेइतबारे नोंदवहीत लिहिलं: यंत्राजवळ रोज सकाळी अगरबत्ती लावली जात होती. ते रोजचे दोन आकडे वगळावेत. उरलेले आकडे स्वच्छ होते. सकाळी अकरा ते दुपारी चार, बॉयलर पेटला की चमक चौपट. महिनाभर, न चुकता.

आणि आज साहेबांनी हात पुसून ती नोंदवही उघडली, बरोबर त्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि पंचनामा लिहायला घेतला. "यंत्राजवळ रोज अगरबत्ती लावली जात असल्याचे आढळले. सबब यंत्राचे आकडे ग्राह्य धरता येत नाहीत."

"साहेब, ते रोजचे दोनच आकडे होते," तनवीर म्हणाला. "दुपारचे बघा ना. दुपारी कुठली अगरबत्ती?"

"तो निष्कर्ष झाला. पंचनाम्यात फक्त आढळलेलं लिहायचं. अगरबत्ती आढळली की नाही? नोंद तुमचीच आहे ना?"

"पण पुढचं वाक्य..."

"आढळली की नाही?"

बाजेशेजारी उभा असलेला गोवर्धन नाकासमोर चालणाऱ्या माणसाचं तोंड करून जमिनीकडे बघत होता. तनवीरला तिडीक आली. तो कागद फाडून त्या चटणीच्या द्रोणात कोंबावा असं वाटलं. पण सकाळीच अमरावतीहून त्याच्या वरिष्ठांचा फोन आला होता: वाद घालू नकोस, मार्चमध्ये तुझं कंत्राट संपतंय. आढळली, हे तर खरंच होतं. तनवीरनं पंचनाम्यावर सही केली. आपले दुपारचे आकडे वेगळ्या पत्रानं पाठवू, असं त्यानं मनाशी म्हटलं, आणि म्हणताक्षणी त्याला स्वतःचीच किळस आली.

साहेबांनी पंचनामा मोठ्यानं वाचला. शकुनकाकू दारात वर्षालीला हाताला धरून उभी होती. तिनं एक एक शब्द ऐकला. चेहरा उतरत उतरत पार पांढरा पडला. मग ती पोरीचा हात सोडून पुढं आली आणि गोवर्धनसमोर वाकली.

"मले माफ करा जी. तुमच्या गिरणीले म्या लई शिव्या देल्ल्या. देवापुढं त सालोसाल लावतो म्या. मले काय मालूम, माह्याच अगरबत्तीनं पोट्टीचा दम..."

"जाऊ द्या काकू," गोवर्धन मोठ्या मनानं म्हणाला. "होते चूक माणसाच्या हातून."

"काकू, उठा!" तनवीर ओरडलाच. "तुमचं काही नाही त्यात. विष गिरणीचं आहे, डबे जाळून राहिले हे लोक! अगरबत्तीनं नाही झालं पोरीले!"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. शकुनकाकू सावकाश उभी राहिली. नातीच्या जिवासाठी या माणसावर महिनाभर भरवसा ठेवणाऱ्या बाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग साहेबांच्या हातातल्या कागदाकडे.

"मंग भाऊ," तिनं विचारलं, "त्याच्यावर सही कोनाची हाय?"