टेकडीवरची कबर

आमच्या क्लबातल्या बायका मेव्हिस क्रॅडकला आपल्यात धरत नसत. आम्ही सगळ्या इंग्लंडहून नवऱ्यांच्या मागे आफ्रिकेत, ऱ्होडेशियात आलेल्या. मेव्हिसही गोरीच, पण इथेच जन्मलेली, आणि लग्नाआधी बुलावायोच्या एका हॉटेलात दारूचे पेले भरणारी. आम्ही सगळ्या इंग्लंडला 'घर' म्हणायचो. एकदा तीही सहज "आमच्या घरी" म्हणाली, तर क्लबाच्या कर्त्याधर्त्या ऑर्लबारबाईंनी लगेच विचारलं, "घरी म्हणजे कुठे गं? बारच्या मागे?"

तिचा नवरा नोएल तापाने गेला. मेव्हिसने ठरवलं, त्याला शेतावरच्या टेकडीवर पुरायचं. मी मदतीला गेले. मजुरांनी थोडं खणलं आणि कुदळीला मातीचं मडकं लागलं, शेजारी हाडं. मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या. त्यांच्या खालच्या वस्तीतली म्हातारी शुवाई वर आली. शेत नोएलला मिळण्याआधीपासून तिची वस्ती तिथे होती.

"इथे नको," ती म्हणाली. "खाली झाडांपाशी पूर. आम्ही खणून देतो."

"ही माझी जमीन आहे, शुवाई."

"कुणी दिली?"

"सरकारने."

"सरकारचं कोण पुरलंय इथे?"

मेव्हिसचा चेहरा लाल झाला. "मी याच देशात जन्मले. त्या बायकांना परत जायला इंग्लंड तरी आहे. मला कुठलं गाव आहे?"

"ते मला कशाला सांगतेस? माझ्या आईला उकरून तुला गाव मिळणारे का?"

मेव्हिसने कुदळ उचलली आणि स्वतः खणायला लागली. मी म्हटलं, "मेव्हिस, राहू दे." तिने ऐकलं नाही. मडकं फुटलं. शुवाईने तुकडे आणि हाडं एकेक करून कमरेच्या कापडात गोळा केली आणि खाली गेली.

दफनाला अख्खा क्लब आला. मजुरांनी नकार दिला आणि बाईने एकटीने खड्डा खणला, ही गोष्ट तोवर सगळीकडे पसरली होती. ऑर्लबारबाईंनी मेव्हिसच्या दंडाला धरून सगळ्यांदेखत म्हटलं, "तू खरी आपल्यातली निघालीस." त्या क्षणी मेव्हिस पहिल्यांदा रडली.

त्याच आठवड्यात वस्ती रिकामी झाली. सगळे नदीपलीकडे मिशनऱ्यांच्या जमिनीवर राहायला गेले. तंबाखूची पानं झाडावरच करपायला लागली, तेव्हा मी मेव्हिसला गाडीतून तिकडे नेलं. शुवाई उखळात मका कांडत होती. तिने मुसळ थांबवलं नाही.

"चुकलं म्हणायला आलीस, की माणसं न्यायला?"

मेव्हिस म्हणाली, "माणसं न्यायला."

"मग जा."

परतताना मी तिला म्हटलं, "चुकलं म्हणायला काय जात होतं तुझं?"

"मग नोएलला बाहेर काढावं लागलं असतं," ती म्हणाली. "आणि त्याच्याबरोबर मलाही."

त्या वर्षीचं पीक गेलं. पुढच्या वर्षी तिने दूरच्या न्यासालँडहून मजूर आणले. त्यांना टेकडीचं काही ठाऊक नव्हतं. मेव्हिस दर शनिवारी क्लबात यायला लागली आणि काळ्या लोकांबद्दल आमच्यापैकी कुणाहीपेक्षा कडवट बोलायला लागली. ऑर्लबारबाई तिला शेजारी बसवून घ्यायच्या.

नदीपलीकडची वस्ती आणखी लांब हलवावी, असा क्लबातून सरकारकडे अर्ज निघाला. त्यावर पहिली सही मेव्हिसची होती.

"अगं, आता त्यांचा तुला काय त्रास?" मी विचारलं.

"ती म्हातारी रोज संध्याकाळी टेकडीकडे तोंड करून बसते. मला घरातून दिसतं."

पेरणीच्या आधीच वस्ती हलवली गेली. मोडलेल्या झोपड्यांवर गवत वाढलं. मेव्हिस मात्र नदीकडच्या खिडक्या अजून उघडत नाही.