बिनफळाचं झुडूप

वेल्टाने कुंपणाकडे पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिथून समुद्राचा वारा अंगणात शिरतो त्या टोकाला सकाळपर्यंत एक झुडूप होतं. आता तिथे नुसता बुंधा उरला होता, आणि बुंध्यापाशी हातात करवत घेऊन तिचा जावई रैटिस उभा होता. वर हसत होता.

"बघा आई, कसं मोकळं केलं! एक फळ धरत नव्हतं त्याला. उगाच जागा अडवून बसलं होतं."

वेल्टाने कपाळावर हात मारून घेतला. एप्रिलमधला गावसफाईचा दिवस. ती बायांबरोबर रस्त्याकडेचा कचरा उचलायला गेली काय, आणि या शहाण्याने मागे हा उद्योग केला काय!

"अहो जावईबापू, तो नर होता. वाळूकाटीच्या अख्ख्या कुंपणात एकच नर. त्याला फळ कुठून धरणार? पण मे महिन्यात त्याचा पराग वाऱ्यावर उडाला नाही, तर बाकीच्या माद्यांनाही नाही धरत!"

रैटिसचं हसू मावळलं. "मला काय माहीत..."

"फांद्या कुठायत? कळ्यांच्या फांद्या पाण्यात ठेवल्या तरी फुलतात. कुठे टाकल्यात?"

"जाळल्या की. चौकात सगळ्यांचा पालापाचोळा पेटवला ना, त्यातच."

"धन्य आहे! एवढं कामसू असायची काही गरज होती का?"

कॉफी घेऊन आलेली इल्व्हा नवऱ्याच्या मदतीला धावली. "आई, तो रीगाहून एवढ्या हौसेने येऊन राबला आणि तू त्याच्यावरच ओरडतेस?"

"ही हौसच नडते गं तुमची. आळशी जावई मिळाला असता तर मी देवाला मेणबत्ती लावली असती."

खरं म्हणजे एक वर्ष रस झाला नाही म्हणून कुणी मरत नाही. वाळूकाटीची ती नारिंगी, आंबटढाण फळं नसती तर वेल्टाने सफरचंदांवर भागवलं असतं. पण गेल्या जूनमध्ये, लीगोच्या सणाला, तिची जीभ घसरली होती. लीगोच्या संध्याकाळी शेजारीपाजारी गात गात घरोघर येतात आणि ज्याच्या वाफ्यात तण दिसेल त्याची गाण्यातून बिनपाण्याने करतात. रागवायचं नसतं, उलट गाऊन परतफेड करायची असते. कुंपणापलीकडचा विधुर फ्रिचिस पुढे होता. वाळूकाटीचे कोंब जमिनीखालून सरकत त्याच्या बटाट्यांत घुसायचे, त्यावरून दोघांची रोज सकाळी तोंडातोंडी व्हायची. त्याने खड्या आवाजात सूर लावला:

वेल्टाच्या दारी काट्यांची न्यारी तऱ्हा,
पाहुण्याचं सोडा, पळाला नवरा!

नवरा आयर्लंडला कामाला गेला होता आणि परत आला नव्हता, हे खरंच होतं. सगळं गाव खो खो हसलं. वेल्टाला उलट गाणं सुचलं नाही. ती किंचाळली, "एक वर्ष जरी कुंपण फळलं नाही ना, तर ये फावडं घेऊन आणि उपट सगळं! लाव माझ्या उंबऱ्यापर्यंत बटाटे!" बाया हळहळल्या, पुरुषांनी टाळ्या पिटल्या. त्या दिवसापासून तिने फ्रिचिसशी बोलणं टाकलं.

आणि आता कुंपण खरंच फळणार नव्हतं. बापाने किंवा नवऱ्याने दिलेलं नसून स्वतःच्या हातांनी लावलेलं एवढं एकच तिच्यापाशी होतं. गावात दुसऱ्या कुणाकडे वाळूकाटी नव्हती. दुसरा नर होता तो फक्त फ्रिचिसच्या आवारात, त्याच्या सरपणाच्या खोपटाआड. तिच्याच नराचा भरकटलेला कोंब, चांगला पुरुषभर उंच वाढलेला. तिथे वारा लागत नव्हता, म्हणून त्याचा तसा उपयोग नव्हता. पण फांद्या कापून बादलीत घालून कुंपणाच्या टोकाला ठेवल्या तर?

मे उजाडला तरी वेल्टा घरातल्या घरात चरफडत राहिली. त्याच्यापुढे नाक घासायचं? त्यापेक्षा तो दुकानात गेला की चोरून कापावं. पण कुणी पाहिलं तर लीगोला त्याचंही गाणं होईल. शेवटी माद्यांच्या कळ्या उमलताना दिसल्या, तेव्हा तिने बादली उचलली आणि स्वतःला शिव्या घालत त्याच्या फाटकातून आत शिरली.

फ्रिचिस लाकडं फोडत होता. "आलीस," एवढंच म्हणाला.

"त्या झुडपाच्या फांद्या हव्यात. नाही म्हणायचं असेल तर पटकन म्हण, मला घरी कामं पडलीत."

"इतके दिवस लावलेस? फुलं झडून गेली असती म्हणजे?"

"माझा नर गेला हे तुला कोणी सांगितलं?"

फ्रिचिसने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. "मीच दाखवला रैटिसला. विचारत होता, यातलं निकामी कुठलं. म्हटलं, ते टोकाचं."

"तुला ठाऊक होतं तो नर आहे?"

"चाळीस वर्षं कुंपणाला लागून राहतोय. एवढंही कळायचं नाही?"

"मेल्या!" वेल्टाने बादली आपटली. "कुंपण उपटायला टपला होतास! एवढे प्यारे झाले बटाटे?"

"कसले बटाटे! मागचेच अर्धे तळघरात सडताहेत. माझी एल्मा गेल्यापासून खातंय कोण?" तो खाली बघत होता. "हा इथला मुद्दाम ठेवला होता, तुटू दिला नाही. म्हटलं, तिकडचा गेला की याच्यासाठी तरी येशील. लीगोपासून तू एक शिवी दिली नाहीस. मुलगी रविवारी फोन करते, बाबा ठीक ना? मी म्हणतो, ठीक. आठवड्याचं बोलणं तेवढंच."

"अरे गाढवा, मग हाक मारायची! झाड कशाला मारायचं?"

"मारली होती. दोनदा. तू खिडकी लावून घेतलीस."

वेल्टाने पडलेली बादली उचलली. लावली होती, खरंच. काच हादरेल इतक्या जोरात लावली होती, आणि वर आपण जिंकलो म्हणून चहा करून प्यायली होती.

"ते गाणं..." फ्रिचिस म्हणाला. "नवऱ्याचं घालायला नको होतं मी."

"नको होतंच! अक्कल गहाण टाकली होतीस." तिचा आवाज मध्येच बसला, म्हणून ती आणखी चिडली. "आता उभा काय राहिलास? करवत आण. आणि हातमोजे घाल, काटे आहेत. जाडी फांदी नको, फुलांची बघून काप! देवा रे, चाळीस वर्षं शेजारी राहून या माणसाला काही म्हणून कळत नाही!"

फ्रिचिस खोपटाकडे निघाला. तिचा एक शब्दही सुटू नये म्हणून तो अगदी सावकाश चालत होता, आणि ती गप्प झाली तसा थांबून त्याने मागे पाहिलं.