हरभऱ्यातला साहेब

मी बुजगावणं बोलतोय. वरवट बकालच्या शिवारात, पुंजाजीच्या वावरात उभा आहे. जरा दमानं ऐका, मला भराभर बोलता येत नाही. शिवाय जे सांगायचं आहे, ते माझं मलाच अजून नीट उमगलेलं नाही.

ज्वारीच्या कणसात दूध भरायला लागलं तेव्हा माझा जन्म झाला. पुंजाजीनं बाभळीच्या दोन काठ्या अंबाडीच्या सुतळीनं बांधल्या, एक उभी, एक आडवी. त्याच्या बायकोनं, रुखमाबाईनं, फुटकं मडकं उपडं घालून त्यावर चुन्याचे डोळे काढले. एक मोठा झाला. तो तसाच राहिला.

अंगावर घालायला काही नव्हतं. तेव्हा शेजारच्या वावराच्या कादरभाईनं आपल्या मेहुण्याचा कोट आणून दिला. मेहुणा तहसिलीत चपराशी होता. वऱ्हाडावर तेव्हा नागपूरच्या सरकारचा हुकूम चाले, आणि त्या सरकारचा तो खाकी कोट. कादरभाई म्हणाला, "घ्या पुंजाजीभाऊ. आता पाखरं काय, पाटीलबी बिचकते."

लोक खरंच बिचकले. पांदणीच्या वाटेनं जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला वाकून रामराम केला, मग जवळ येऊन पाहिलं आणि स्वतःलाच शिवी दिली. तेव्हापासून सगळे मला साहेब म्हणू लागले.

चिमण्या भुर्रकन उडायच्या. राघूंचे थवे वरच्या वर वळायचे. मला वाटलं, माणूस म्हणजे फार मोठी चीज असणार. पण ज्याच्या रूपानं मी उभा होतो तो पुंजाजी रोज येऊन आधी आभाळाकडे बघायचा. ढग आला तरी त्याचा जीव खालीवर, नाही आला तरी खालीवर. पाखरं ज्याला भितात तो ढगाला भितो, हे काही मला जुळवता येईना.

ज्वारी घरी गेली. पुंजाजी खुश झाला आणि मला खांद्यावर घेऊन हरभऱ्याकडे निघाला. रुखमाबाई म्हणाली, हरभऱ्याला कोणतं पाखरू खातं? तो म्हणाला, साहेबानं ज्वारी राखली, हेही राखेल. घरातलं सगळं बी त्यानं त्या वावरात घातलं होतं. ते हातचं गेलं असतं तर वर्षभर डाळ नाही आणि पुढच्या साली पेरायलाही काही नाही.

पौषात आठ दिवस आभाळ भरून राहिलं आणि अळी पडली. हिरवी, करंगळीएवढीही नाही. डोकं घाट्यात, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगेत, शेपूट बाहेर, अशी खायची. माझ्या पायाखालून गेली, कोटावर चढली, बटणावर बसली. तिला साहेब कळेना, माणूसही कळेना.

बांधापलीकडे कादरभाईच्या हरभऱ्यात कोतवाल पाखरं आणि साळुंक्या नुसत्या नाचत होत्या. आमच्याकडे यायच्या, मला बघायच्या आणि वळायच्या. मी हे सगळं बघत होतो. हात पसरलेले होते, पण या म्हणता येत नव्हतं.

पुंजाजी सकाळपासून वाकून अळ्या वेचायचा. हरभऱ्याची एक ओळ होईपर्यंत दुसरीत चढलेल्या. एका सकाळी रुखमाबाईनं पाच-सहा घाटे फोडले. सगळे पोकळ. तिनं बांधाकडे बघून विचारलं, "कादरभाऊ, तुमच्या इकडे अळी नाही काय?"

"हाये ना भाबी. पन खानारेबी हायेत," कादरभाई म्हणाला. मग माझ्याकडे हात केला. "तुमच्या साहेबानं त्याइले येऊच देल्लं नाही."

पुंजाजी खाली बसला. म्हणाला, "मानसाले पाहून पाखरू पयते. त्यात माह्यं काय चुकलं?"

"चुकलं कोनाचंच नाही," रुखमाबाई म्हणाली. "मानूस तेवढा काढून घ्या. काठ्या राहू द्या."

त्यानं मडकं उचललं, तिनं कोट उतरवून त्याची घडी केली. माझे डोळे गेले. आता मला भारावरून आणि आवाजावरून जे कळतं तेवढंच.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी उजव्या हातावर हलकासा भार पडला. कोतवाल. गेला, परत आला, चोच माझ्या लाकडावर पुसली. मग डाव्या हातावर साळुंक्या. दुपारी रुखमाबाईचा दबका आवाज आला, "तिकडंच बसा बांधाले. आत नोका जाऊ." आणि पुंजाजी आपल्याच वावराच्या बाहेर, न खोकता बसून राहिला.

निम्मा हरभरा गेला. उरला तो भरतोय. बियापुरता होईल, वरणालाही थोडा होईल, असं रुखमाबाई म्हणते.

आणि माझ्या डोक्यात, म्हणजे डोकं होतं त्या जागी, गोंधळ आहे. माणूस होतो तेव्हा माझ्यामुळं पीक गेलं. माणूसपण उतरवलं तेव्हा कामाला आलो. मग माणूस कशासाठी असतो? पण काठ्या बांधल्या माणसानं. कोट उतरवला तोही माणसानंच. बांधावर श्वास धरून बसलाय तोही माणूसच. मी एका बाजूनं विचार करत जातो आणि दुसऱ्या बाजूला निघतो.

तुम्ही माणसं आहात, तुम्हाला ठाऊक असेल. असेल तर सांगा, पण तिथूनच, पुंजाजीच्या शेजारी बसून. जवळ येऊ नका. हातावर आत्ताच कोणी तरी बसलंय.