बुजवलेली मोरी

आमच्या गल्लीत मला सगळे मास्तर म्हणत. मी शाळेत एक दिवसही शिकवलेलं नाही. गावातल्या एका लहानशा वाचनालयात तीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली, एवढंच. पण चष्मा आणि हातात पुस्तक असलं की माणूस मास्तर होतो, आणि "मी मास्तर नाही" असं सांगायचं धैर्य मला कधी झालं नाही.

लढाई संपता संपता नगरात पुन्हा गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. आमच्या गल्लीत आधी उंदीर पडले, मग टोकाच्या घरातला एक माणूस गेला, आणि दोन दिवसांत गल्ली जवळजवळ रिकामी झाली. लोक केडगावच्या माळावर झोपड्या घालून राहायला गेले. मी टोचून घेतलं होतं, मागं कुणी नव्हतं आणि वाचनालयाची किल्ली माझ्याकडे होती, म्हणून मी राहिलो. खरं कारण मांजरं होती. ते मी कुणाला सांगितलं नाही.

माणसं गेली तरी मांजरं जात नाहीत. त्यांची ओढ घराशी. कुलूप लागलेल्या दारांपुढं ती बसून राहत आणि दार उघडण्याची वाट बघत. सात होती. भाकरी दुधात कुस्करून मी माझ्या ओट्यावर एका परातीत ठेवायचो. दूध फारसं मिळत नसे, मग ताक. बोका कालू आधी खाई, बाकीची मागं सरत.

शेजारच्या मुबारकबी निघाल्या तेव्हा गाडीत बसता बसता म्हणाल्या, "मास्तर, शक्करकडं बघा. ती माझ्यासंगं येत नाही. दोनदा गाडीत घातली, दोनदा उडी टाकून गेली."

शक्कर त्यांची पांढरी मांजर. रेशनवर साखर मिळेनाशी झाली तेव्हा त्यांनी हे नाव ठेवलं होतं. म्हणायच्या, घरात तेवढीच शक्कर उरली आहे. मुबारकबी एकट्याच होत्या, गोधड्या शिवून पोट भरायच्या.

"बघतो, भाभी," मी म्हणालो.

"तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही," त्या म्हणाल्या.

लोक निघाले तेव्हा सरकारी माणसांनी घरोघरी एक छापील कागद वाटला होता. मी तो तीनदा वाचला. छापलेल्या गोष्टीवर माझा विश्वास लगेच बसतो. त्यात लिहिलं होतं की रिकाम्या घरांच्या मोऱ्यांची बाहेरची तोंडं दगडमातीनं बुजवावीत, म्हणजे आतले उंदीर बाहेर पडून दुसरीकडे रोग नेणार नाहीत, आणि मारलेला विषारी वायू घरातच कोंडून राहील. बाकीची गल्ली घाईत निघून गेली होती. मला वाटलं, निदान एवढं तरी आपल्या हातून व्हावं.

रविवारी सकाळी मी परात भरून ठेवली. सातही मांजरं आली. मोजली. सात. म्हणजे कुठल्याच घरात मांजर नाही. ती खात होती तेवढ्यात मी नऊ घरांच्या मोऱ्या बुजवल्या. मुबारकबींची शेवटची. मोठा दगड बसवला, ओली माती लिंपली आणि हातानं गुळगुळीत केली. मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. आयुष्यात मी कधी कुणाच्या उपयोगी पडल्याचं फारसं आठवत नाही.

शक्करचं पोट आठवडाभरापूर्वीपर्यंत मोठं दिसायचं आणि आता उतरलं होतं. ते मी पाहिलं होतं. तेव्हा वाटलं, माझं दूध तिला मानवत नाही.

दुपारी ती परातीकडे आली नाही. मुबारकबींच्या मोरीपाशी बसली होती. मी भाकरी तिथं नेऊन ठेवली, तिनं हुंगलीसुद्धा नाही. ती ओल्या मातीवर पंजे ओढत होती. एकदा ओढायची, थांबायची, माझ्याकडे बघायची आणि पुन्हा ओढायची.

सोमवारी सकाळी मी भिंतीला कान लावला तेव्हा आतून आवाज आला. अगदी बारीक.

माती काढून टाकायची, बस. पाच मिनिटांचं काम होतं. पण मी घरात येऊन तो कागद पुन्हा वाचला. बुजवलेली मोरी वायू मारण्याआधी उघडू नये, असं त्यात ठळक छापलं होतं. समोरच्या बाजूला अजून दोन घरांत माणसं होती. उंदीर बाहेर पडले आणि त्यांच्यातलं कुणी दगावलं, तर? दोन-तीन पिल्लांसाठी? किती ते तरी कुठं माहीत होतं. मग वाटलं, वायू मारायला येणाऱ्या सरकारी साहेबांची परवानगी घ्यावी. आणि परवानगी मागायची म्हणजे अर्ज.

अर्ज लिहायला मला सोमवारची सारी दुपार लागली. पहिला मसुदा फार लांबला. दुसऱ्यात 'मांजरीची पिल्ले' हे शब्द हास्यास्पद वाटले, म्हणून 'काही मुके जीव' केलं. तेही नाटकी वाटलं. शेवटी साधं लिहिलं, चांगल्या अक्षरात उतरवून काढलं आणि कोटाच्या खिशात घालून ओट्यावर बसलो.

संध्याकाळी साहेब आले. बरोबर बन्सी होता, वायूच्या पंपावरचा गडी. गल्लीतल्या घरांवर गेरूनं खुणा करत ते मुबारकबींच्या दाराशी पोहोचले. मी उठून उभा राहिलो.

"काय मास्तर, मांजरांची शाळा भरली का न्हाई आज?" बन्सी म्हणाला.

साहेब हसले. तरुण होते आणि दमलेले दिसत होते. मोरीकडे बघून म्हणाले, "ह्या कुणी बुजवल्या?"

"मी," मी म्हणालो.

"फार छान केलंत. अशी चार माणसं भेटली असती तर आमचं काम अर्ध्यावर आलं असतं." मग माझा हात खिशात गेलेला बघून त्यांनी विचारलं, "काही म्हणायचंय का?"

इतकं सोपं त्यांनी करून दिलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी दारावर खूण केली. "उद्या नाहीतर परवा," ते बन्सीला म्हणाले, आणि दोघं पुढं गेले. शक्कर मोरीपाशीच होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. मांजर मोरीपाशी बसतेच.

मी मनाशी 'परवा' धरलं. मंगळवारी उजाडताच केडगावची वाट धरली. मुबारकबींकडून किल्ली आणायची, दार हळूच उघडायचं, पिल्लं काढायची आणि पुन्हा लावायचं. मोरीला हात लावायला नको की कुणाशी बोलायला नको. साहेबांशी एक वाक्य बोलण्यापेक्षा मला जाऊन-येऊन सात-आठ मैल चालणं सोपं वाटलं.

मुबारकबी झोपडीपुढं ठिगळं जोडत बसल्या होत्या.

"मास्तर? एवढं चालत? काय पुस्तक विसरलं माझ्या घरी?"

"किल्ली हवी होती. शक्करसाठी."

"तिला किल्ली कशाला? ती मोरीतनं जाते-येते. तिचा दरवाजाच तो." मग त्यांनी सुई थांबवली. "व्याली वाटतं?"

मी मान डोलावली.

"चिंध्यांच्या पेटीत बघा. दर खेपेला तिथंच घालते. माझी अर्धी गोधडी तिच्या बाळंतपणात जाते." त्या हसल्या. किल्ली दिली आणि पदराच्या टोकाशी बांधलेली सुकट सोडून माझ्या हातावर ठेवली. "बाळंतिणीला द्या. आणि चहा घेऊन जा. साखर नाही, पण गरम आहे."

मोरी बुजवल्याचं मी सांगितलं नाही. सांगायचं म्हणून तोंड उघडलं आणि म्हणालो, "नको, उशीर होईल."

परत आलो तेव्हा अकरा वाजून गेले असावेत. मुबारकबींच्या कुलपावर कागद डकवलेला होता. खिडकीची एक फळी काढून पुन्हा ठोकलेली दिसली. गल्लीत कडवट वास होता. बन्सी समोरच्या ओट्यावर पंप पुसत बसला होता.

"झालं?" मी विचारलं.

"ह्ये घर सकाळीच झालं. आता तीन दिस उघडायचं न्हाई."

माझ्या हातातली किल्ली त्याला दिसली. मग मोरीपाशी बसलेली मांजर दिसली. तो गडी माझ्यापेक्षा हुशार होता. त्याचा हात पंपावर थांबला.

"आत बारीक काय तरी वरडत हुतं," तो म्हणाला. "मला वाटलं हीच वरडतीया. आत पिल्लं हुती व्हय?"

मी किल्ली मुठीत मिटली.

"तुमाला ठावं हुतं?"

"काल कळलं."

"मग काल साहेब हितंच हुतं की. मी हुतो. येक सबूद टाकायचा, मास्तर. फळी काढलीच हुती, आदी पिल्लं काढली असती. मी काय कसाई हाय?"

खिशातला अर्ज काढून दाखवावा असं क्षणभर मनात आलं. त्याला वाचता येत नव्हतं.

ते तीन दिवस शक्कर हलली नाही. सुकट मी तिच्यापुढं ठेवली, ती कालूनं खाल्ली.

शुक्रवारी बन्सीनं कागद काढला, आणि वास जाईपर्यंत दार-खिडक्या उघडून ठेवल्या. शक्कर आमच्या पायांमधून आत गेली. मी चिंध्यांच्या पेटीपर्यंत गेलो नाही, दारातच उभा राहिलो. थोड्या वेळानं ती तोंडात एक पिल्लू धरून बाहेर आली. मला वाटलं ती कुठंतरी लांब नेईल. तिनं ते माझ्या ओट्यावर, परातीशेजारी आणून ठेवलं. मग दुसरं आणलं आणि तिसरं. तिसऱ्याच्या डोक्यावर काळा ठिपका होता. तिघांना चाटून ती आडवी झाली, त्यांच्याकडे पोट करून.

बन्सीनं डोक्याचं पागोटं काढलं, पुन्हा घातलं आणि पंप उचलून निघून गेला.

दीड महिन्यानं लोक परतले. मुबारकबींना मी एवढंच सांगितलं, "तीन होती. वाचली नाहीत."

"अल्लाची मर्जी," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर माळापर्यंत चालत आलात. कोण करतं एवढं मांजरासाठी?"

शक्कर त्यांच्या पायांत घोटाळत होती. तिला उचलून त्या घराभोवती सगळं जागेवर आहे का बघत गेल्या. मी मागं होतो. मोरीपाशी त्या थांबल्या. तिच्यावरची माती मी काढली नव्हती. का नाही काढली, हे मला आजही सांगता येत नाही. माती वाळून कडक झाली होती आणि तिच्यावर बारीक रेघा उमटलेल्या होत्या, वरपासून खालपर्यंत, एकावर एक.

मुबारकबी खाली बसल्या. त्यांनी एका रेघेवरून बोट फिरवलं. कडेला माझ्या पंजाचा ठसा होता. त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

मी वाट बघत होतो. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी शक्करला खाली ठेवलं आणि घरातून लोखंडी उलथनं आणून त्या माती खरवडायला लागल्या. मी पुढं झालो.

"राहू द्या, मास्तर," त्या म्हणाल्या. "मी करते."