खिळ्यावरचा पत्ता

मुलं प्रार्थनेला उभी होती, तेवढ्यात महेंद्र सरांनी संगणकाच्या खोलीतल्या भिंतीवरून एक पट्टी काढली आणि शर्टाच्या खिशात दडवली.

भिंतीवर ओळीनं खिळे होते. प्रत्येकावर वहीच्या जुन्या पुठ्ठ्याची एक पट्टी, आणि पट्टीवर सरांच्या ठसठशीत अक्षरात इंटरनेटचा एक पत्ता. कुठला पक्ष्यांचा, कुठला ग्रहांचा, कुठला नकाशांचा. मुलांनी पट्टी घ्यायची, बघून एकेक अक्षर दाबायचं, पान वाचायचं आणि पट्टी परत अडकवायची. रहिमतपूरच्या त्या शाळेत संगणक एकच, आणि फोनची लाईन सारखी तुटायची. तरी पट्ट्या हाताळून मऊ झाल्या होत्या.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कारगिलची लढाई पेटलेली होती. सरांनी आणखी एक पट्टी लावली, एका वर्तमानपत्राच्या पानाची. त्यावर रोज शहीद जवानांची नावं येत. निम्म्या वर्गाचं कुणी ना कुणी फौजेत होतं. त्या पट्टीला रांग लागायची, आणि रांगेत पहिली असायची नववीतली रेश्मा माने.

आज सकाळी प्रार्थनेआधी सरांसमोर ते पान वरून खाली सावकाश उघडत गेलं. चौथी ओळ आली. हवालदार भाऊसो लालासाहेब माने, जिल्हा सातारा. रेश्माचे वडील.

सर मुख्याध्यापकांकडे गेले. मुख्याध्यापकांनी पोस्टात फोन लावला आणि रिसीव्हर खाली ठेवला.

"तार आलेली नाही. मग आपण कोण सांगणार? नावासारखं नाव असतं, महेंद्र."

"त्यांच्या वडिलांचंही?"

मुख्याध्यापकांनी पोस्टाचा नंबर पुन्हा फिरवला.

तिसऱ्या तासाला नववीचा वर्ग आला.

"सर, लढाईची पट्टी कुटं गेली?" वीरधवलनं विचारलं.

"फाटली. नवी करतो."

"असू द्या. मला पत्ता पाठ हाय." तो खुर्चीत बसलासुद्धा.

त्याची बोटं अक्षरं शोधू लागली. सर टेबलामागे वाकले आणि त्यांनी फोनची वायर ओढून काढली.

"लाईन गेली. आज वहीत नकाशे काढा."

मुलं कुरकुरली. सरांनी रेश्माकडे पाहिलं. ती शेवटच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. आज ती रांगेत आलीच नव्हती.

घंटा झाली. सगळे गेले, ती राहिली.

"सर, पट्टी फाटली न्हाई."

सरांचा हात खिशाकडे गेला.

"काल शाळा सुटल्यावर तुमी हितंच हजेरी लिवत हुता. तवाच पानावर नाव आलं हुतं, मी बघितलं."

तिच्याकडे पाठ करून ते हजेरी लिहीत बसले होते. जाताना तिनं खुर्ची आत सारली होती, 'येते सर' म्हणाली होती.

"घरी सांगितलंस?"

तिनं नकारार्थी मान हलवली. "आईची भुईमुगाची टोकणी चाललीया. आज दुपारपत्तूर उरकंल. एवढं रान हुंदे म्हटलं. मग काय, तिला कोन रानात जाऊ देनार हाय?"

"रात्री जेवलीस?"

"न जेवून कसं चालंल, सर? आईनं इचारलं असतं."

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. सरांनी खिडकीतून पाहिलं. हिरवी फौजी गाडी होती. पुढं बसलेला सुभेदार खाली उतरून शाळेच्या आकाराम शिपायाला काही विचारत होता, आणि आकाराम हात लांब करून मान्यांच्या मळ्याची दिशा दाखवत होता.

"गाडीला ओढ्यावरनं वळसा पडतोय," रेश्मा म्हणाली. तिनं दप्तर खांद्याला अडकवलं. "मी बांधानं जाते."

"थांब, मी येतो."

"नगं, सर. तुमाला बघितलं की तिला कळंल."

ती पायऱ्या उतरली. मैदानात मुलींचा लंगडीचा खेळ चालला होता. एकीनं तिला हाक मारली, तिनं हात वर केला. फाटकाजवळच्या माणसांकडे न बघता ती मागच्या कुंपणाकडे चालत गेली. कुंपण ओलांडेपर्यंत ती पळाली नाही.