दहा वाजताची लाल रेघ

अमरावतीच्या त्या कंपनीत ज्योत्स्नाचं काम एका रेघेवर नजर ठेवायचं. वरूडच्या संत्रा व्यापाऱ्यांना भावाचे रिपोर्ट दाखवायला कंपनीने क्लाउडवर दूरच्या कॉम्प्युटरांची ताकद भाड्याने घेतली होती, आणि ती किती वापरली जाते हे रेघ सांगायची. रोज सकाळी दहाला रेघ शंभरावर जाऊन लाल व्हायची. मग सगळ्यांचे रिपोर्ट नुसते गोल गोल फिरत बसायचे.

शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर आपोआप वाढणारी मोठी क्षमता घेऊन टाकू, असं तिचे साहेब शेखरसरांनी सांगितलं. मग रेघेवर नजर ठेवायला माणूस कशाला लागेल, हे ते बोलले नाहीत. साहेब लोक असलं कधी बोलत नाहीत. पण ज्योत्स्नाला ते न बोलताच कळलं.

नोंदी चाळल्या तर व्यापारी चाळीस, आणि दहाला रिपोर्ट चाललेला एकशेवीस वेळा. दर वेळी तीन वर्षांचे भाव मुळापासून मोजले जात. तिने सरळ वरूडची बस धरली. पुंजाजी तिथले जुने व्यापारी. दहा वाजता त्यांनी मोबाइल काढला आणि रिफ्रेशचं बटण मोजून तीनदा दाबलं. एकदाच का दाबत नाही, असं तिने विचारलं.

"एकदा पायलेला भाव कच्चा राह्यते, पोरी," पुंजाजी म्हणाले. "हर्रासात तीनदा बोलल्याबिगर माल सुटते काय?"

लिलावात मुरलेल्या चाळीसही जणांचं हेच. यांना समजवण्यात हशील नव्हतं. परत येऊन तिने भाव दर दहा मिनिटांनी एकदाच मोजला जाईल असं केलं. बटण दाबलं की तोच भाव दिसायचा, खाली 'एक वार', मग 'दोन वार', मग 'तीन वार, पक्का'. व्यापारी बेहद्द खूश झाले. शुक्रवारी दहाला रेघ पस्तिसावर पडून होती.

ज्योत्स्नाचा आनंद जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकला. "रेघ तं आता हालूनच नाही राहिली," शेखरसर प्रेमाने म्हणाले. "मंग तू दिवसभर पाहशील काय?" तिने डबा बंद केला. नोकरी वाचवायच्या नादात तिने ती स्वतःच्या हाताने निकालात काढली होती. रिकामी ताकद वाया का घालवायची म्हणून सरांनी त्याच संध्याकाळी अकोल्याच्या डाळमिलवाल्यांनाही डाळीच्या भावाचा नवा रिपोर्ट देऊन टाकला, दहा मिनिटांची सोय न लावताच.

सोमवारी दहाला रेघ लालभडक. ज्योत्स्नाने अकोल्याला पार्बताबाईंच्या मिलमध्ये फोन लावला. तिथे प्रत्येक मिलने रिपोर्ट दर्शनी टीव्हीवर लावला होता, सेकंदासेकंदाला ताजा होणारा, वर झेंडूचा हार. निदान दहाला थोडा वेळ तरी बंद ठेवा, असं तिने सुचवून पाहिलं.

"दुकान उघडं असताना दिवा इझवते काय कोणी?" पार्बताबाईंनी विचारलं.

शेखरसर धावत आले. आता काय करायचं, म्हणाले.

"मले अकोल्याले जा लागन, सर," ज्योत्स्ना म्हणाली. "आन् खामगाववाल्यायलेबी इचारून ठेवा, त्यायले रिपोर्ट पायजे काय म्हणून."